सारथ्याच्या वाट्याचा गारवा

मोटारीतल्या गारव्याचा इतिहास लिहायला बसले की तो मागच्या बाकापासून सुरू करावा लागतो. पुढे बसून चाक धरणाऱ्या माणसापर्यंत तो फार उशिरा येतो, आणि आपल्या देशात तर तो अजून पुरता पोहोचलेलाच नाही. मोटारीच्या वेगाबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, तिच्या इंजिनाबद्दल आणि ब्रेकबद्दलही लिहिले आहे. गार हवा मात्र मखमली गाद्या, रेडिओ, सिगारेट पेटवायचा चटका यांच्या पंगतीत, चैनीच्या यादीत जाऊन बसली. गाडी हाकणाऱ्याच्या अंगाला किती ऊन लागते आणि त्यामुळे त्याची नजर किती मंदावते, हा अपघाताशी जोडलेला प्रश्न आहे, हे बराच काळ कोणाच्या गावीही नव्हते.

१९३९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने हवा थंड करणारी गाडी मांडली. ही सोय हवी असेल तर गिऱ्हाईकाने २७४ डॉलर जादा मोजायचे. त्या काळी अमेरिकेत साधी नवी मोटार सात-आठशे डॉलरांत मिळे, यावरून या हौसेची किंमत ध्यानात येईल. यंत्राचा निम्मा पसारा मागच्या डिकीत होता. सामान ठेवायची अर्धी जागा त्यानेच खाऊन टाकली होती. थंड हवा यायची ती मागच्या बाकाच्या पाठीमागून. म्हणजे पहिली झुळूक कोणाच्या मानेवर, तर मागे बसलेल्या मालकाच्या. पुढच्या माणसापर्यंत जे उरेल ते.

आणखी एक गंमत पाहा. या यंत्राला बंद करायची कळच नव्हती. थंडी फार झाली तर गाडी थांबवायची, खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि इंजिनावरून यंत्राकडे जाणारा पट्टा हातांनी काढून ठेवायचा. हे काम मागचे साहेब करीत असतील असे मला वाटत नाही. दोन वर्षांत पॅकार्डने हा नाद सोडून दिला. मग अमेरिका महायुद्धात उतरली, आणि मोटारीतला गारवा बारा वर्षे जवळजवळ विसरला गेला.

तो परत आला १९५३ साली. क्रायस्लरने ‘एअरटेम्प’ आणले, जनरल मोटर्सने आपल्याच घरच्या ‘फ्रिजिडेअर’चे यंत्र बसवले. पण जागा तीच, डिकी. जनरल मोटर्सच्या गाड्यांत तर मागच्या काचेशी असलेल्या फळीवरून पारदर्शक प्लास्टिकच्या दोन नळ्या वर छताकडे गेलेल्या दिसत. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, नॅश कंपनीने सगळे यंत्र उचलून पुढे आणले. बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे बसवले. नॅशचे भावंड केल्व्हिनेटर, म्हणजे घरोघरची शीतकपाटे करणारे. त्यांना छोट्या जागेत थंडी कोंबायची सवय असणारच. या गाडीत गार हवा प्रथम पुढून आली, ड्रायव्हरच्या छातीवर. यात ड्रायव्हरची कणव होती असे म्हणायला मी धजणार नाही. पुढे यंत्र बसवले की नळ्या आखूड लागतात आणि खर्च वाचतो, हे कारण पुरेसे आहे. अमेरिकेत मालक स्वतःच गाडी हाकीत असल्यामुळे पुढचे आणि मागचे हा भेद तिथे लवकर मिटला. १९६९ पर्यंत तिकडच्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत ही सोय होती.

आपल्याकडे तो भेद मिटण्याचे कारण नव्हते, कारण आपल्याकडे मालक मागे बसतो. आणि ही रीत मोटारीच्याही आधीची आहे. १९३४ साली मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला थंड हवेचा डबा लागला. त्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या रचीत, वाटेतल्या ठरलेल्या स्टेशनांवर त्या बदलीत, आणि पंख्याने तो गारवा वर सोडीत. वरच्या वर्गाचे उतारू अशा थंडाव्यात निजत असताना त्याच गाडीच्या तोंडाशी इंजिन-ड्रायव्हर आणि फायरमन धगधगत्या भट्टीसमोर उभे असत. सिग्नल पाहायचे काम त्यांचेच.

मोटारीचेही तसेच झाले. अँबॅसेडर आणि फियाट या आपल्या दोन जुन्या सोबतिणी. दोघींच्या पुढच्या दारांना एक तिकोनी काच असे. ती तिरकी केली की वाऱ्याचा झोत अंगावर येई. तेच त्या काळचे शीतयंत्र. ज्यांना परवडे ते बाहेरून एसी बसवून घेत. डॅशबोर्डाखाली ती पेटी लोंबकळत असे. या जोड-यंत्राचा भार इंजिनाला सोसत नसे. म्हणून घाट आला की ड्रायव्हर आधी एसी बंद करी, नाहीतर इंजिनातले पाणी उकळायला लागे. साहेबांच्या गाडीची आणखी एक रीत मी कचेऱ्यांच्या आवारात पाहिली आहे. साहेब उतरले की ड्रायव्हर एसी बंद करतो, चारी काचा खाली करतो आणि लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहतो. त्याला कोणी तसे सांगितलेले नसते.

हे झाले मोटारीचे. ट्रकवाल्याची गोष्ट निराळीच. कित्येक वर्षे आपल्याकडे कारखान्यातून ट्रक म्हणून जे बाहेर पडे ती नुसती चासी असे: चाके, इंजिन आणि लोखंडी सांगाडा. जमशेदपूरहून निघालेली अशी चासी शेकडो मैल हाकीत नेणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिले असतील त्यांना ते चित्र विसरता येणार नाही. डोक्याला पंचा गुंडाळलेला, डोळ्यांवर चष्मा, ना छप्पर ना दार ना समोर काच. मग बॉडी बांधणाऱ्याच्या आवारात सुतार आणि लोहार मिळून लाकडाचे नि पत्र्याचे केबिन उभे करीत. त्यात देव्हारा असे, रंगीत गोंडे असत, आरसे असत. वाऱ्याचा विचार खिडकीपाशी संपे.

१९९६ साली मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत असताना मी अशा एका केबिनमधून चंद्रपूरहून यवतमाळमार्गे अकोल्याला गेलो होतो. मागे सिमेंटची पोती होती. ड्रायव्हर आमच्या ओळखीतले, पन्नाशीचे. सारे त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही उस्तादच म्हणे. मे महिन्याची दुपार होती. विदर्भातली मे महिन्याची दुपार म्हणजे काय हे ज्यांनी भोगले नाही त्यांना ते शब्दांत सांगून उपयोग नाही. इंजिनाचे झाकण केबिनच्या आतच, आम्हा दोघांच्या मधे. त्यावर ओले पोते टाकलेले. क्लीनर पोरगा, ज्याला रस्त्यावरचे सारे ‘किन्नर’ म्हणतात, दर अर्ध्या तासाने त्यावर पाणी शिंपडी आणि पाच मिनिटांत पोते वाळून कडक होई. उस्तादांच्या खिशात कांदा, मानेवर ओला दुपट्टा. पाणी मात्र ते घोटघोटच पीत. का, म्हणून विचारले तर म्हणाले, “जास्त पिलं तं सारखी गाडी थांबवा लागते पोरा.”

वणी मागे पडल्यावर तीनच्या सुमारास एका वळणाशी समोर बैलगाडी आडवी आली. आडवी आली म्हणजे काय, ती कितीतरी वेळ रस्ता ओलांडीतच होती. मला दिसत होती, किन्नराला दिसत होती. उस्तादांचा पाय ब्रेकवर गेला तो अगदी जवळ आल्यावर. ट्रक घसरत जाऊन बैलांच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबला. गाडीवानाने शिव्या दिल्या, उस्तादांनी त्या मुकाट्याने ऐकून घेतल्या. पुढे बराच वेळ ते बोलले नाहीत. मग आपणहून म्हणाले, “झोप नव्हती बरं मले. डोये उघडेच होते. पण दिसलीच नाही.”

डोळे उघडे आणि दिसले नाही, हे मला तेव्हा बहाण्यासारखे वाटले असते, पण त्यांचा चेहरा बहाणा करणाऱ्याचा नव्हता. याचा उलगडा मला बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकातून झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला एक अडचण पडली होती. उष्ण मुलखात काम करणारे बिनतारी संदेशवाले मोर्सची टिकटिक लिहून घेताना चुका करू लागले. केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने खोल्या तापवून, उष्णतेला सरावलेले तारवालेच त्यांत बसवून प्रयोग केले. त्याचा निबंध १९४६ साली प्रसिद्ध झाला. ठरावीक मर्यादेपर्यंत फारसा फरक पडत नाही. ती ओलांडली की चुका भराभर वाढतात. फार कसलेला माणूस अधिक काळ टिकतो, साधारण माणूस लवकर ढासळतो.

याच मॅकवर्थने १९४८ साली दुसरा एक प्रयोग मांडला. आकडे नसलेल्या घड्याळाच्या तबकडीवर एक काटा टकटक पुढे सरकतो. क्वचित एखादे वेळी तो एकदम दोन घरे उडी मारतो. पाहणाऱ्याने ती उडी तेवढी सांगायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून उड्या सुटू लागल्या. कोणी झोपलेले नव्हते, डोळे काट्यावरच होते. हे प्रयोग रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्या विमानसैनिकांसाठी केलेले, पण लांब सरळ रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याचे काम याहून वेगळे काय असते? तासन्‌तास काही घडत नाही, आणि मग एकदाच बैलगाडी आडवी येते.

मोटारीत बसवून अशी परीक्षा घेतली स्वीडनमधल्या संशोधकांनी; तिचा वृत्तान्त १९९६ साली प्रसिद्ध झाला. उस्तादांच्या बैलगाडीचे सालही तेच होते, हा निव्वळ योगायोग. ८३ माणसांना तासभर गाडी चालवायला दिली. काहींच्या गाडीत २१ अंश सेल्सिअस तापमान ठेवले, काहींच्या २७. वाटेत गाडी मधूनच निरनिराळ्या खुणा देई, त्या टिपायच्या. २७ अंशांच्या गाडीत नजरेतून सुटलेल्या खुणा निम्म्याने अधिक भरल्या, आणि ज्या टिपल्या त्यांना उत्तर द्यायला २२ टक्के वेळ जादा लागला. दुसऱ्या अर्ध्या तासात हा फरक जास्त, आणि कमी वेगात, म्हणजे शहरी रहदारीत, अधिकच जास्त. २७ अंश! आमच्याकडे २७ अंशाला म्हातारी माणसे कानटोपी शोधतात. स्वीडनच्या माणसाचे मोजमाप आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाही हे खरेच. पण मॅकवर्थचे तारवाले उष्णतेला सरावलेले होते आणि तरीही चुकत होते, हेही विसरून चालणार नाही. केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणाशेजारी पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेल्यावर माणूस स्वीडनचा असो की झरी-जामणीचा, त्याचे रक्त कातडीकडे धावते, घामाने पाणी जाते, आणि ते भरून काढायला उस्तादांसारखा तो पाणीही पीत नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल की एसी बसवला म्हणजे सारे साधले. तसे नाही. गारव्याच्या पोटात त्याचे स्वतःचे धोके आहेत.

पहिला धोका कोंडलेल्या हवेचा. गाडी लवकर थंड व्हावी म्हणून आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवायची कळ असते. उन्हातून गाडी काढल्यावर पहिली दहा मिनिटे ती उपयोगी आहे. पण पुष्कळ जण ती तशीच ठेवतात, चार तास, सहा तास. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग सुमारे सव्वाचारशे. चार माणसे श्वास सोडीत असलेल्या बंद गाडीत तो आकडा थोड्याच वेळात हजारांवर जातो. डोके जड होते, जांभया येतात. मागचे झोपतात ते ठीक, पुढच्याचे काय? समृद्धी महामार्गासारखा ७०१ किलोमीटरांचा एकसुरी रस्ता, बाहेरचा आवाज नाही, अंगाला घाम नाही, आणि हवा शिळी. उस्तादांची नजर उन्हाने बोथट झाली होती, याची गारव्याने होते. कळ फिरवून बाहेरची हवा आत घेणे एवढाच त्याला उपाय आहे, आणि त्याला पैसा पडत नाही. थांबलेल्या गाडीत काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपण्याचा प्रकार तर याहून वाईट. तिथे इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची, आणि इथे मात्र एसीची बाजू घेतली पाहिजे. आषाढात आंबा घाटातून किंवा वरंध्यातून गेलेल्यांना माहीत आहे, समोरची काच आतून धुरकट होते. पूर्वी ड्रायव्हर एका हाताने फडके फिरवीत आणि दुसऱ्या हाताने चाक धरीत. बाहेरून काचेला तंबाखू चोळीत, बटाटा चोळीत. काचेवर साचते ते आपल्याच श्वासातले पाणी. एसीच्या गार नळीवर हवेतले पाणी आधीच दव होऊन साचते आणि गाडीखाली टपटप गळून जाते. कोरडी झालेली हवा काचेवर सोडली की काच मिनिटभरात लख्ख होते. म्हणजे थंडीसाठी नव्हे, कोरडेपणासाठी एसी लावायचा, तोही बाहेरची हवा घेऊन. आणि पूर्वी घाट लागला की एसी बंद करायचा शिरस्ता होता तो कशासाठी, तर इंजिन तापू नये म्हणून! नेमक्या गरजेच्या ठिकाणी काच आंधळी. कोकणात याच्या उलटही होते: काचेवर फार गार झोत सोडला की बाहेरच्या दमट हवेचे दव काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. नवखा माणूस आतून पुसत बसतो आणि काच काही निघत नाही. तिथे वायपर फिरवायचा आणि झोत कमी करायचा.

तिसरी गोष्ट बसची. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून वातानुकूलित बसच्या काचा पक्क्या बसवलेल्या असतात. ३० ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे बेंगळुरूहून हैदराबादला निघालेली अशी एक बस त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यात पालेम गावाजवळ पेटली. ४५ माणसे गेली. एस.टी.च्या जुन्या लाल गाडीची सरकती काच खडखडते, पावसात गळते, पण ती उघडते. पक्क्या काचेच्या गाडीत हातोडी कुठे टांगली आहे ते बसल्या बसल्या पाहून ठेवावे. मी पाहतो, आणि शेजारचे हसतात.

आता पुन्हा चाक धरणाऱ्याकडे वळू. १९६१ साली मोटार-वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, असे त्यात ठरले. २०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदा नव्या श्रमसंहितेत सामावला गेला. आठाचा आकडा तसाच राहिला. १९६१ च्या कायद्याने तास मोजले, केबिनमधले ऊन मोजले नाही. ते मोजायला साठाहून अधिक वर्षे लागली. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने अधिसूचना काढली की १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांचे केबिन वातानुकूलित असलेच पाहिजे. पॅकार्डच्या मागच्या बाकापासून इथवर यायला शहाऐंशी वर्षे गेली. नियम नव्या ट्रकांना आहे. रस्त्यावरचे जुने ट्रक आहेत तसेच चालतील आणि आपल्याकडे ट्रक लवकर मरत नाही.

शिवाय गारवा यंत्रातून येतो, पण तो चालतो डिझेलवर आणि डिझेल कोणाच्या तरी खिशातून. २०२४ च्या उन्हाळ्यात हैदराबादच्या ॲपवरच्या टॅक्सीवाल्यांनी मिळणाऱ्या भाड्यात एसी परवडत नाही म्हणून तो न लावण्याची मोहीम काढली. वर्तमानपत्रांत प्रवाशांची गैरसोय मोठ्या अक्षरांत आली. बारा तास त्याच बंद एसीच्या गाडीत ड्रायव्हरही बसलेला असतो, ही गोष्ट मी शोधली तरी मला फारशी कुठे दिसली नाही. उद्या एखादा ट्रकमालक डिझेल वाचवायला एसीचा पट्टा काढून ठेवील, पॅकार्डच्या ड्रायव्हरसारखा, अशी मला भीती होती.

पण मालकांना याहून पुढची युक्ती सुचलेली दिसते. मूर्तिजापूरजवळच्या एका धाब्यावर मला नव्या कोऱ्या ट्रकचा एक तरुण ड्रायव्हर भेटला. केबिन आतून दाखवायला त्याने मला वर बोलावले. इंजिनाचे झाकण नाही, ओले पोते नाही. डॅशबोर्डावर गणपती आणि त्याच्या बाजूने गार हवेची झुळूक. मी म्हणालो, “बरं झालं भाऊ, सुटलात उन्हातून.”

“सुटलो तं सुटलो गुरुजी,” तो म्हणाला. “पण आता मालक काय म्हणते, मायीत हाय का? ऊन तं लागत नाही तुले, मंग दुपारी झाडाखाली कायले थांबतं? पयले बारा ते चार गाडी उभी राहे. आता ते चार घंटेही चालवा लागते.”

मग त्याने घड्याळ पाहिले, चहाचा पेला खाली दिला, आणि काच वर केली.